खिडकीजवळची जागा

वीज गेली की मोबाईलही हळूहळू मान टाकतात, आणि मग घरातल्या तरुण मंडळींना म्हातारी माणसं आठवतात. त्या रात्री सगळे गच्चीवर काकांभोवती जमले. पुतणी म्हणाली, काका, भुताची सांगा, पण खरी. काकांनी चष्मा काढून पुसला. अंधारात चष्म्याचं काय काम, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

सांगतो, ते म्हणाले. खरी की खोटी याचा शेरा मारायला मी आता नोकरीत नाही.

आमच्या कचेरीत एक टायपिस्ट होता. टाइपरायटर भंगारात जाऊन जमाना लोटला, साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे संगणकावर बोटं आपटू लागले, तरी त्याचं नाव टायपिस्टच राहिलं. माणूस सरळ, कामाला वाघ, पण भयंकर उतावळा. चहा निवायची वाट न बघता रोज जीभ भाजून घेणारा. आणि बायको मिळाली ती नेमकी उलट्या टोकाची. भाजीला पाठवली तर भाजीवालीच्या सुनेचं बाळंतपण सुखरूप झाल्याची खात्री करूनच ती वांग्यांकडे वळायची.

लग्नानंतर त्याने तिला कबूल केलं होतं की, एकदा ते जुनं बंदराचं शहर दाखवीन. मग आईचं आजारपण आलं, मुलीचं शिक्षण आलं, साहेबांनी नामंजूर केलेल्या रजा आल्या. शहर काही पळून जात नाही, शेकडो वर्षं तिथेच आहे, असं हा म्हणायचा. आधी ती दरवर्षी आठवण करून द्यायची. गेल्या वर्षी तिने विचारणंच सोडलं. भांडली असती तर याला बरं वाटलं असतं, पण तिचं ते गप्प राहणं त्याला लागलं. म्हणून डिसेंबरात एके दिवशी कचेरी सुटल्यावर तो सहलवाल्याच्या दुकानात गेला आणि दोन जागा धरून आला. एक खिडकीजवळची, तिच्यासाठी.

आता या सहलवाल्याची एक पद्धत होती, ती नीट ऐका. बस सुटण्याआधी तो डोकी मोजत नसे. मोजताना कुणीतरी उठतं, कुणी वाकून बूट बांधतं, आणि हिशेब चुकतो, असं त्याचं म्हणणं. तो नुसता ओरडायचा, "शेजारी?" मग प्रत्येकाने आपल्या शेजारच्याची हमी द्यायची. आला, आली, आहे. सगळीकडून हमी मिळाली की बस हलायची. तुम्ही हसाल, पण माणूस हुशार होता. स्वतःची जबाबदारी त्याने सगळ्या बसला वाटून दिली होती.

दुसऱ्या शनिवारी सकाळी बस त्या शहरात पोहोचली. शहर सुंदरच. दगडी गोदामं, जकातीची जुनी इमारत, धक्क्यावर माणसाहून उंच गंजके नांगर मांडून ठेवलेले, चढउताराच्या अरुंद गल्ल्या आणि प्रत्येक गल्लीच्या शेवटी पाण्याचा एक तुकडा. टायपिस्टने यातलं फारसं काही पाहिलं नाही. त्याने दिवसभर एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे बायको कुठे आहे.

संग्रहालयात तिने प्रत्येक पाटी वाचली. गोदामाच्या भिंतीला हात लावून उभी राहिली. जाळं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याशेजारी बैठक मारली. दरवेळी "शेजारी?" असा पुकारा झाला की सगळ्या बसमधून आला, आली व्हायचं आणि याला मान खाली घालून "अजून नाही" म्हणावं लागायचं. मग बस थांबायची आणि टोमणे सुरू व्हायचे. मागच्या बाकावर एक निवृत्त नर्स होती, ती बिचारी काही बोलत नव्हती. पण पुढचा एक जाडा विमावाला होता, त्याने विचारलं की वहिनी बंदर विकत घेणार आहेत की भाड्याने. सगळे हसले. टायपिस्टही हसला, आणि त्या हसण्याने तो आतून आणखीच पेटला.

शेवटचं ठिकाण म्हणजे शहराबाहेरचा डोंगर. वर जुनं दीपगृह आणि तिथून खाली अख्खं बंदर दिसतं. सूर्यास्त बघायचा होता. वाटेत एवढा उशीर झाला की सूर्य यांची वाट न बघता बुडून गेला. कुणामुळे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, आणि टायपिस्टला तेच जास्त झोंबलं.

आठ वाजायला आले होते. चंद्र नव्हता. वारा असा की बोललेलं दोन हातांवर ऐकू येऊ नये. ती कठड्याला टेकून खाली नांगरलेल्या जहाजांचे दिवे बघत होती. त्याने येऊन सांगितलं, चल. ती म्हणाली, जरा थांबा ना, केवढं छान आहे. इतक्या वर्षांचा मुहूर्त, आणि त्याच्या तोंडून काय निघावं?

"तुझ्यासाठी थांबून थांबून माझी शोभा झालीय. यापुढे मी थांबणार नाही."

ती दिव्यांकडेच बघत म्हणाली, "यापूर्वी कधी थांबला होतात?"

झालं. तो तरातरा बसमध्ये आला आणि जागेवर बसला.

त्यांच्या घरात अबोल्याचे नियम ठरलेले होते. जो आधी बघेल तो हरला. त्यामुळे थोड्या वेळाने कुणीतरी येऊन त्याच्याजवळ उभं राहिलं, तेव्हा त्याने मान फिरवली नाही. गुडघे तेवढे बाजूला घेतले. डोक्यावरून घेतलेली शाल त्याच्या हाताला घासून गेली. ती खिडकीशी बसली. त्याच्याच्याने राहवेना, पण मोठ्या निग्रहाने तो समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत राहिला.

"शेजारी?" सहलवाला ओरडला.

आला, आली, आहे. शेवटी याचा नंबर.

"आली एकदाची," टायपिस्ट म्हणाला.

बसमध्ये टाळ्या वाजल्या.

बस घाट उतरायला लागली. डोळ्यांवर उजेड येतो म्हणून ड्रायव्हरने आतले दिवे घालवले. टायपिस्टचा राग वळणावळणाने उतरू लागला. आपण जास्त बोललो, असंही वाटलं. पण आधी बोलायचं कुणी? तेवढ्यात शेजारून काहीतरी सोलल्याचा आवाज आला आणि संत्र्याचा वास आला. त्याला बरं वाटलं. तिची समेटाची रीत हीच होती. बोलायचं नाही, नुसती फोड पुढे करायची. अंधारात त्याच्या तळहातावर एक फोड आली. त्याने खाल्ली. दुसरी आली. तीही खाल्ली. असं बरंच चाललं. त्याने मनाशी ठरवलं, खाली पोहोचल्यावर आपणच आधी बोलायचं.

मग त्याच्या खिशातला फोन वाजला.

बायकोचा नंबर होता. त्याला वाटलं, पर्समध्ये चुकून दाबला गेला असेल. त्याने कानाला लावला. आधी नुसता वारा... मग तिचा आवाज.

"अहो, तुम्ही कुठे आहात? इथे बस नाही. कुणीच नाही."

त्याने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ऐकताय ना? मी दीपगृहाच्या मागे गेले होते. रखवालदार फाटक लावतोय. मला भीती वाटतेय हो..."

आणि फोन तुटला. पुन्हा लावला, लागेना.

टायपिस्टने मान फिरवली नाही. आता ते अबोल्यासाठी नव्हे.

त्याच्या तळहातावर आणखी एक फोड आली.

त्याने मूठ मिटली. उठला. बाकांना धरत धरत पुढे गेला आणि म्हणाला, बस फिरवा, माझी बायको वर राहिली आहे.

सहलवाल्याने मोबाईलचा टॉर्चही न लावता मागे नजर टाकली. "काय चेष्टा करता राव. वहिनी बसल्यात की जागेवर."

"ती माझी बायको नाही."

बस खो खो हसली. विमावाला म्हणाला, भांडण झालं की आम्हालाही असंच वाटतं. टायपिस्टने फोन दाखवला, हात जोडले, आवाज चढवला, मग रडकुंडीला आला. सहलवाला म्हणाला, हमी तुम्हीच दिलीत, आम्ही काय करणार. ड्रायव्हर म्हणाला, इथे बस फिरवायला जागा नाही, आणि दिवसभर तुमच्या घरच्यांपायी उशीर, आता रात्रीही का? म्हणजे बघा. दिवसभर ती बसमध्ये नव्हती म्हणून बस थांबली. आणि आता ती खरोखरच नव्हती, तर बस थांबेना. वर काळोखात ती एकटी... आणि इथे तिची जागा भरलेली.

"एकदा दिवा लावा," तो म्हणाला. "फक्त एकदा."

घाटात दिवा लावत नाही, ड्रायव्हर म्हणाला.

मागून ती नर्स बोलली. अहो वहिनी, तुम्हीच सांगा ना यांना, किती जीव टांगणीला लावायचा माणसाचा. खिडकीजवळून उत्तर आलं नाही. नर्स पुढे वाकली. दोन बाकांमधून हात घालून तिने समजुतीने त्या शालीखालचा हात धरला. जन्मभराची सवय. बोटं आपोआप मनगटावर गेली.

ती तशीच थांबली.

बस एक वळण उतरली. मग दुसरं.

नर्सने हात सोडला. सावकाश, झोपलेल्या माणसाचा सोडावा तसा. मग ती उठली, चालत ड्रायव्हरपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बस फिरवा."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे. कुणी हसलं नाही. जागा नाही म्हणणाऱ्या ड्रायव्हरला पुढच्याच वळणावर जागा सापडली. फिरवताना त्याने दिवा लावला. सगळ्यांनी मागे पाहिलं.

खिडकीजवळची जागा रिकामी होती. काच बंद होती. दार तर ड्रायव्हरपाशी.

वर जाईपर्यंत त्या बाकाकडे कुणी वळून पाहिलं नाही. विमावाल्यानेसुद्धा. नर्स आपला उजवा हात पदरात गुंडाळून उभी राहिली, आणि त्या हाताला काय जाणवलं हे तिने तेव्हाही सांगितलं नाही, पुढेही नाही.

टायपिस्टची बायको फाटकाशी रखवालदाराच्या कंदिलाजवळ उभी होती. धडधाकट, आणि संतापलेली. एवढं मोठं माणूस विसरता तरी कसं, या मुद्द्यावर ती खूप वेळ बोलली. टायपिस्ट ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं बोलणं संपेपर्यंत थांबला. रखवालदाराने बसकडे पाहिलं, आत चढला नाही, काही विचारलं नाही. फाटकाला कुलूप घालून निघून गेला.

दोघं पुढच्या बाकावर बसली. विमावाल्याने न सांगता जागा करून दिली. तिला कुणी काही सांगितलं नाही. सांगणार काय?

थोड्या वेळाने तिचं लक्ष त्याच्या मुठीकडे गेलं. किती घट्ट धरलंय, काय आहे त्यात, तिने विचारलं. त्याला मूठ उघडता येईना. बोटं आखडली होती. तिने एकेक बोट सोडवलं.

तळहातावर संत्र्याची फोड होती. काळी. वाळून खडा झालेली. वर्षानुवर्षं कुठेतरी पडून राहावी तशी... तिने नख मारून पाहिलं, नख मोडलं.

गच्चीवर सगळे एकमेकांच्या जवळ सरकले. मग पुतणीने हलक्या आवाजात विचारलं, आणि त्याने आधी खाल्ल्या होत्या त्या?

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मीही त्याला तेच विचारलं," ते म्हणाले. "गोड होत्या म्हणाला."