जाळीवरची पट्टी

दुरुस्तीच्या दुकानात त्याला सगळे थंडोबा म्हणायचे. एक तर स्वारी भलतीच संथ. त्याच्या बायकोच्या शब्दांत सांगायचं तर, “उठायचं ठरवण्यातच ह्याची सकाळ जाते.” आणि दुसरं म्हणजे, तापलेला कॉम्प्युटर गार करण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. रात्रंदिवस गेम खेळणारी मंडळी आपापली कॅबिनेट कडेवर घेतल्यासारखी उचलून त्याच्याकडे आणायची. आतलं ग्राफिक्स कार्ड असं तापलेलं असायचं की हात लावला तर चटका बसावा. थंडोबा आधी काही उघडायचाच नाही. खिशातून पातळ कागदाची बोटभर पट्टी काढायचा, पुढच्या जाळीवर तिचं एक टोक चिकटवायचा आणि बघत बसायचा. हवा पुढून आत यायला हवी, मागून बाहेर जायला हवी. पट्टी आत ओढली जाते की बाहेर उडते, एवढं दिसलं की निम्मं दुखणं त्याला तिथंच कळायचं.

त्याला आवाजाचाही भारी तिटकारा. पंखा घरघरला की त्याला स्वतःचीच लाज वाटे. म्हणून हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक मशीनमध्ये तो आपली ठरलेली सेटिंग टाकायचा. मशीन तापलं की पंखे फिरणार, गार झालं की आपोआप थांबणार. मग गिऱ्हाईक डब्याला कान लावून विचारायचं, “अहो, चालू आहे की बंद?” हा प्रश्न ऐकला की थंडोबाची कळी खुलायची. बायको मात्र टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही. “लोकांचे पंखे गप्प करतोस, आणि आपला वर कुईकुई करतोय तो नाही ऐकू येत!”

त्या दुपारी एका बाईंचा फोन आला. कॉम्प्युटर तापून मधेच बंद पडतो म्हणाल्या. “पण दादा, तुम्हालाच घरी यावं लागेल. मला तो बंद करून आणता येणार नाही.”

बंद करता येत नाही म्हणजे काय, हे थंडोबाला कळेना. पण बाईंचा आवाज असा होता, की नाही म्हणवेना. हत्यारांची पिशवी उचलून तो निघाला.

जिना चढून गेल्यावर दार त्यांनीच उघडलं. साठीच्या असाव्यात, डोळे जागरणानं सुजलेले. बाहेरच्या खोलीत पडदे ओढलेले होते. खिडकीखाली टेबल, टेबलाखाली काचेच्या अंगाचं काळं कॅबिनेट, त्यात लाल दिवा, आणि खोलीभर पंख्यांची घरघर. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिथून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता, धाप लागल्यासारखा.

“मुलगा आहे माझा,” बाई म्हणाल्या. “इथंच बसून खेळायचा तासन्‌तास. आता उठवतसुद्धा नाही त्याला. डॉक्टर म्हणतात, छातीत काही सापडत नाही.”

“आणि हा बंद का नाही करायचा, काकू?”

त्या जरा घुटमळल्या. “हा बंद पडला की त्याचा जीव घाबरा होतो. परवा तर ओठ निळे पडले. मी धावत येऊन बटण दाबलं, तेव्हा कुठं...”

थंडोबानं मान हलवली. होतं असं, त्याच्या मनात आलं. आवाजाची सवय झालेल्या माणसाला शांतता टोचते. शिवाय बंद खोलीत हा डबा गरम हवा ओकतोय, आजारी माणूस गुदमरेल नाहीतर काय? त्यानं पट्टी काढली आणि जाळीवर लावली.

पट्टी आत ओढली गेली. जाळीला चिकटली. मग हळूच सुटून त्याच्याकडे उडाली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

“हात्तिच्या! पंखा उलटा बसवलाय कुणीतरी,” तो पुटपुटला आणि त्याला हायसं वाटलं. तसंच निघालं. पुढच्या पंख्यांपैकी एक आत हवा ओढत होता, शेजारचा बाहेर फेकत होता. दोघांच्या भांडणात मधलं कार्ड भाजून निघत होतं.

“बंद करावा लागेल, काकू. धूळही काढायला हवी.”

बाईंचा चेहरा पडला. “लवकर कराल ना हो?” असं म्हणून त्या आत गेल्या आणि मुलाच्या उशाशी बसल्या.

थंडोबानं बटण दाबलं. घरघर थांबली. आतला श्वास एकदम बारीक झाला.

काच काढून त्यानं जाळीतली धूळ ओढली आणि हात मागे घेतला. धूळ कोरडी असते, भुरभुरते. ही ओली होती, कोमट होती. बरेच दिवस न बदललेल्या अभ्र्यासारखा वास येत होता तिला.

“झालं का हो दादा?” आतून हाक आली.

आयुष्यात कधी घाई न केलेला थंडोबा घाई करू लागला. उलटा पंखा सुलटा केला. कार्डावरची धूळ फुंकली. एक स्क्रू हातातून निसटून टेबलामागे गेला, तो त्यानं शोधलाही नाही. आतला श्वास आता शिट्टीसारखा येत होता.

“दादा, अहो दादा!”

त्यानं बटण दाबलं. पंखे फिरले, आणि आतला श्वास मोकळा झाला.

सगळे पंखे आता एकाच दिशेनं हवा ओढत होते. तरी पट्टी आत जात होती, बाहेर येत होती.

नेहमीच्या सवयीनं त्यानं एका पंख्यावर बोट टेकवून पातं थांबवलं. तो न सोडता दुसरा. मग तिसरा.

आतला श्वास थांबला.

“सोन्या?” बाई म्हणाल्या. “अरे सोन्या, ए!”

त्यानं झटकन दोन्ही हात काढले. पंखे फिरले. आत कुणीतरी पाण्याखालून वर आल्यासारखा श्वास घेतला.

थंडोबानं हात खिशात घातला. तो चांगलाच घाबरला होता. पुन्हा करून बघायची त्याची छाती झाली नाही.

आता त्याला फक्त तिथून निघायचं होतं. पेन ड्राइव्ह लावून त्यानं आपली नेहमीची सेटिंग भराभर टाकली आणि एक गेम चालवून मशीन तापवून बघितलं. पंखे जोरात फिरले, तापमान वर जाईना. आत मुलाचा श्वास खोल आणि सारखा चालू लागला.

बाई डोळे पुसत बाहेर आल्या. “किती दिवसांनी असा झोपलाय हो. देवासारखे धावून आलात.”

“आवाज आला नाही तरी घाबरू नका,” प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा तेच तो बोलून गेला.

“पण चालू असेल ना?”

“हो तर! चालूच असणार.”

गेम बंद करून त्यानं पिशवी आवरली आणि जिना उतरला.

दुकानात येऊन तो स्टुलावर बसला. समोर जुनं गिऱ्हाईक आपलं मशीन न्यायला आलं होतं. त्यानं डब्याला कान लावला आणि हसून विचारलं, “अहो, चालू आहे की बंद?”

थंडोबानं झटकन बाईंचा नंबर लावला.

फोन बराच वेळ वाजला.

“बोला दादा,” बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

“काकू, पंखे फिरतायत का?”

“छे, कसलाच आवाज नाही. तुम्ही म्हणाला होतात तस्संच. दिवा तेवढा लागलाय.”

“आणि मुलगा?”

“शांत झोपलाय. खोकला नाही, धाप नाही, काही नाही. जाग येऊ नये म्हणून दार लोटून बाहेर बसलेय मी.”

“काकू, गेम लावा! कुठलाही लावा. तापू दे मशीन, आत्ताच्या आत्ता!”

बाई हसल्या. “अहो, आत्ताच तर गार करून गेलात. आणि मला मेलीला कुठं येतंय ते? उठला की तोच लावेल.”

थंडोबा स्टुलावरून उठला.

“बरं, तुमची ती कागदाची पट्टी इथंच राहिलीय बरं का, जाळीवर,” बाई म्हणाल्या. “मघाशी किती छान हलत होती.”