नाव न घेता मारलेली हाक

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी बहीण आहे, आणि तो तिसरा बूट मी माझ्या हातात धरलाय.

रविवार होता. दुपारचे साडेतीन. भर उन्हाची वेळ, रात्र नव्हे.

ताई नेटवर्कचं काम बघते. एका सहा मजली इमारतीचं सगळं नेटवर्क तिच्याकडे. तिच्या आधी ते सांभाळणारे काका निवृत्त झाले, तेव्हा जाता जाता तिला एवढंच म्हणाले, "पोरी, तपासताना यादीचं नाव घेत जा. नाव न घेता हाक मारलीस, तर कोण ओ देईल सांगता येत नाही."

ताई हसली. मला सांगितलं, मीही हसले. म्हातारा चळलाय, असंच म्हणाले मी.

थोडं समजावते, म्हणजे पुढचं कळेल. राउटर म्हणजे कुठली माहिती कुठल्या वाटेने जाणार ते ठरवणारा खोका. इमारतीत तो एकच. पण त्याच्या पोटात वाटांच्या दोन वेगळ्या याद्या. एक वरच्या ऑफिसची, एक तळमजल्यावरच्या पाळणाघराची. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मधली भिंत पक्की. इकडच्याला तिकडचं काही दिसत नाही.

शिवाय खोक्याची स्वतःची एक मूळ यादी असते. ती रिकामी. तिथे कोणी राहत नाही.

सोमवारपासून आयांना वरच्या ऑफिसात बसून पाळणाघराच्या कॅमेऱ्यात आपलं मूल दिसायला हवं होतं. म्हणजे त्या भिंतीला एक खिडकी पाडायची. ताई सुट्टीच्या दिवशी तेच करायला गेली. घरी कोणी नव्हतं, म्हणून चार वर्षांच्या लेकीला सोबत नेलं.

लेकीला घरात सगळे टकळी म्हणायचे. कारण उघड आहे. टकळी थांबायचीच नाही.

"आई, हा खोका गरम का?"

"काम करतो म्हणून."

"मग तू का नाही गरम?"

"होईन. अशीच बडबडत राहा."

एक निळा बूट काढून तिने टेबलाखाली टाकला होता. बूट काढता यायचा, बक्कल लावता यायचं नाही.

ताईने वाट लिहिली. जायची लिहिली, परतीची लिहिली. मग पाळणाघराच्या कॅमेऱ्याला पिंग केलं. पिंग म्हणजे हाक. एका वेळी पाच हाका जातात, समोर यंत्र असेल तर ओ येते.

ओ आली नाही.

पुन्हा तपासलं. सगळं बरोबर. तरी ओ नाही. चौथ्यांदा ती वैतागली, भराभर टाइप केलं... आणि यादीचं नाव लिहायचं राहून गेलं.

हाक रिकाम्या यादीत गेली.

आणि ओ आली.

पाचही हाकांना.

पहिली हाक सहसा वाया जाते. खोका समोरच्याला शोधत असतो ना. यावेळी तीही वाया गेली नाही. जणू कोणीतरी दाराशीच उभं होतं...

त्याच वेळी ताईच्या लक्षात आलं.

मागून एकही प्रश्न येत नव्हता.

ती वळली. टकळी खुर्चीत बसली होती. हात मांडीवर. दोन्ही पायांत बूट. दोन्ही बक्कलं लावलेली.

"बक्कल कोणी लावलं गं?"

"मी."

"कधी?"

"आत्ता."

ताईने टेबलाखाली पाहिलं.

काढलेला बूट तिथेच पडला होता.

तिने लॅपटॉपवर, जिथून ओ आली होती त्याच पत्त्याचा कॅमेरा उघडला. पाळणाघराची खोली दिसली. चटया अंथरलेल्या. दाराशी एक पोर उभी. एका पायात बूट, दुसरा अनवाणी. दोन्ही हातांनी दार बडवत होती. तोंड हलत होतं. आवाज नव्हता.

ताई राउटरच्या खोलीच्या दाराकडे धावली. कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लाल. पुन्हा लाल. त्या खोलीला खिडकी नाही.

"आई," खुर्चीतून शांत आवाज आला, "उघडेल."

दिवा हिरवा झाला.

खाली वॉचमनने किल्ली काढता काढता विचारलं, "मॅडम, रविवारी इथे कोण असणार?"

कोणी नव्हतं. चटया भिंतीशी रचून ठेवलेल्या. ताई त्या दाराला हात लावून किती वेळ उभी राहिली, तिलाच आठवत नाही.

वर येऊन पाहते तर कॅमेऱ्यातली पोर दाराला पाठ लावून बसली होती. कोणीतरी दाराशी येऊन निघून गेल्यावर बसावं, तशी.

तिने काकांना फोन लावला.

"नाव घेतलं होतंस का?"

"नाही."

काका म्हणाले, "खोका बंद करू नकोस. ते घर कुठल्याच यादीत कोणी लिहिलेलं नाही. एकदा बंद झाला की पुन्हा सापडेलच असं नाही."

"तुम्हाला कसं माहीत, काका?"

"आमच्या मोठ्याला भेटली आहेस ना तू? किती शांत मुलगा आहे, म्हणाली होतीस."

काकांनी फोन ठेवला. नंतर कधी उचललाच नाही.

याला सहा महिने झाले. टकळी जेवते, झोपते, पाढे म्हणते. विचारलं की लगेच उत्तर देते. पण स्वतःहून एकही प्रश्न नाही. एकही नाही. भावोजी म्हणतात, "मोठी झाली गं ती. तुला शहाणं मूलही चालत नाही का?"

घरात टकळीचे तीन निळे बूट आहेत. डाव्या पायाचे दोन. भावोजी म्हणतात, दुकानदाराची चूक.

ताईने बढती नाकारली, बदली नाकारली. रोज सकाळी गेल्या गेल्या त्या रिकाम्या यादीत पाच हाका मारते, तोंडाने लेकीचं नाव घेत. ऑफिसातले चेष्टा करतात, म्हणतात बाई राउटरची पूजा करते. नवा राउटर खोलीच्या कोपऱ्यात येऊन पडलाय. तो बसवायचा म्हणजे जुना बंद करायचा. आजवर तिने शंभर कारणं काढली.

रोज पाच हाकांना पाच ओ यायच्या.

गेल्या आठवड्यापासून चार येतात.

आणि नवा राउटर येत्या सोमवारी बसणार आहे. यावेळी ताईला कोणी विचारलेलंही नाही.

हे लिहिताना माझं बाळ मांडीवर आहे. पंख्याकडे बोट करून "ते?" म्हणतंय. दिवसातून पन्नास वेळा विचारतं, आणि पन्नास वेळा माझा जीव भांड्यात पडतो.

तुमच्या घरी एखादं गुणी, शांत मूल असेल, तर आज एवढं करा. त्याच्याशी बोलू नका. उत्तरं तर ते देईलच.

नुसतं शेजारी बसून राहा... आणि बघा, ते तुम्हाला काही विचारतं का.