नऊशे चौदा मतांची मिशी

निकाल कचेरीची खिडकी सकाळी दहाला उघडली आणि रांगेतला पहिलाच माणूस म्हणाला, "माझी मिशी परत द्या."

तपासनीस बाईंनी चष्मा सारखा केला. खिडकीबाहेर पन्नाशीचा एक शिंपी उभा होता. चेहरा उन्हाने रापलेला आणि नाकाखाली बोटभर गोरी पट्टी. भिंतीवरची जुनी तसबीर काढली की मागे उरते, तशी.

"न्हाव्याचं दुकान पुढच्या गल्लीत आहे," बाई म्हणाल्या.

"तिथे गेली नाही ती. तुमच्या आकड्यात गेलीय."

मागून कोणीतरी ओरडलं, "तिला काय सांगतोस? चोराची बहीण ती."

बाईंनी मान वर केली नाही. कालपासून हे चौथ्यांदा ऐकत होत्या.

प्रादेशिक संसदेच्या एकसष्ट जागा. साठ निकाल लागले तेव्हा शिडीवाले तीस, छत्रीवाले तीस. सगळं अडलं ते सतरा नंबरच्या मतदारसंघावर, आणि तिथला मोजणीप्रमुख होता बाईंचा धाकटा भाऊ. त्याने मोजणीच्या सभागृहात निकाल वाचला: शिडी एकशे बारा मतांनी विजयी. तेच आकडे त्याने फोनवर कचेरीला कळवले. संध्याकाळी कचेरीचा तक्ता बाहेर आला, त्यात छत्री दोनशे अठ्ठ्याऐंशी मतांनी विजयी.

तक्त्याखाली बाईंची लाल खूण होती. आडव्या बेरजा जुळल्या, उभ्या जुळल्या, ताळा बरोबर. मग खोटं कोण बोललं? भाऊच. शिडीवाल्यांकडून पैसे खाऊन सभागृहात खोटा निकाल वाचला आणि फोनवर मात्र खरा कळवला, असं सगळ्या कचेरीने रात्रीत ठरवून टाकलं. सकाळी त्याच्या टेबलावर खडूने 'चोर' लिहिलेलं होतं.

बारा वाजता तक्ता राजपत्रासाठी छापखान्यात जाणार होता, आणि बारालाच फौजदार भावाला घेऊन जाणार होता. मतपत्रिका सीलबंद पेट्यांत होत्या. त्या कोर्टाशिवाय उघडत नाहीत, आणि कोर्टाला वर्ष कमी पडतं.

"काय झालं नीट सांगा," बाई शिंप्याला म्हणाल्या.

"मी पाच नंबरातला शिडीचा उमेदवार. तिथे छत्रीवाल्यांनी दगड उभा केला तरी वीस हजारांनी येतो. मी पैज लावली, हजार मतं पडली नाहीत तर मिशी उतरवीन. निकाल वाचला, नऊशे चौदा. छत्रीवाल्यांनी तिथेच खुर्ची आणली, साबण आणला. उतरवली. आणि आज तुमच्या फळ्यावर काय? एक हजार एकशे चौदा."

"ऐकण्यात चूक झाली असेल."

"बाई, ज्याला वीस हजार पडतात त्याला आकडा सांगावा लागतो. ज्याला नऊशे पडतात त्याला एकेक मत तोंडपाठ असतं."

बाईंनी खिडकी लावली. शिंप्याला मात्र मागच्या दाराने आत घेतलं.

भाऊ कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"तुझे आकडे सांग," बाई म्हणाल्या.

"आता विचारतेस, ताई? काल लाल खूण करताना नाही विचारलंस."

"सांग."

"शिडी नऊ हजार आठशे चाळीस. छत्री नऊ हजार सातशे अठ्ठावीस. सभागृहाबाहेरच्या फळ्यावरही लिहिले होते. छत्रीवाल्यांनी रात्री फळा पुसला."

बाईंनी तक्ता पाहिला. शिडी ९,६४०. छत्री ९,९२८. मग पाच नंबरची ओळ पाहिली. शिडी १,११४. छत्री २१,२०६. शिंप्याला त्यांनी छत्रीचा खरा आकडा विचारला.

"एकवीस हजार चारशे सहा. माझ्या कानात ओरडून सांगितला होता."

तक्ता घेऊन बाई टायपिस्टकडे गेल्या. त्याचा गाल सुजलेला, तोंडात कापूस.

"पहिलं पान कधी टाइप केलंत? एक ते सोळा नंबरचं?"

"दीडपर्यंत सगळं भरलं होतं. फीत जुनी, अक्षरं फिकी येत होती. तीनला नवी घातली. बघा, नखं अजून निळी आहेत."

"आणि सतरा नंबर?"

"शेवटी, साडेचारला. दुसऱ्या पानावर तेवढीच ओळ रिकामी होती. मग तक्ता आणि फोनवरचे आकडे टिपलेल्या चिठ्ठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवून दातांच्या डॉक्टरकडे पळालो. दाढ खिशात आहे, दाखवू?"

"नको. काही चुकून दोनदा टाइप केलंत का?"

"एकदाच करताना जीव जातो, बाई."

बाईंनी पानं उजेडाकडे धरली. तिसरं पान अर्धं फिकं, अर्धं गडद. पहिलं आणि दुसरं वरपासून खालपर्यंत सारखं गडद निळं. टायपिस्ट बघत राहिला आणि त्याने कापूस गालात नीट सरकवला.

साहेबांना कचेरीत सगळे मागे 'पाठकोरे' म्हणत. ते आडनाव नव्हतं. एका बाजूने वापरलेला कागद तीस वर्षांत त्यांनी कधी टाकला नव्हता. बिघडलेल्या पानाचे चार तुकडे करायचे, भोक पाडून दोऱ्यात ओवायचे आणि कोरी बाजू कच्च्या कामाला वापरायची. लग्नाची पत्रिका दिली तर आधी पाठ बघत.

"चिठ्ठ्या कुठे आहेत?" बाईंनी त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं.

"जाळल्या. ताळा झाला की जाळायच्या, नियमच आहे."

"मला तर ताळ्याच्या आधीही मिळाल्या नाहीत. तुम्ही सहाला तक्ता आणून म्हणालात, उशीर झालाय, नुसती बेरीज करा."

"आणि तुम्ही केलीत. खूण तुमची, बाई. मी हात धरला नव्हता." साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "भावाची माया कळते मला. पण माणूस रंगेहाथ सापडला की बहिणीने गप्प बसावं. उरलेली नोकरी तरी टिकते."

"तुमची कधी संपतेय?"

"महिनाअखेर. का?"

"सहज. तुम्हीही सुरुवातीला टायपिस्टच होता ना?"

"झाली त्याला तीस वर्षं." त्यांनी दोऱ्यातून एक तुकडा ओढला, कोऱ्या बाजूवर 'बरोबर बारा' लिहिलं आणि शिपायाच्या हाती फौजदाराकडे धाडलं. "या आता."

बाईंची नजर त्या तुकड्यामागे दारापर्यंत गेली. मग त्या झपझप आपल्या टेबलाशी आल्या. खणात कालच्या बेरजेचे कच्चे कागद होते. बेरीज करायला साहेबांनीच दोऱ्यातून काढून दिलेले. बाईंनी एकेक उलटला. तिसरा त्यांनी पुन्हा पाहिला, घडी घातली आणि मुठीत धरला.

पावणेबाराला साहेबांच्या खोलीत सगळे जमले. फौजदार दारात. भाऊ आणि शिंपी भिंतीशी. टायपिस्ट गाल धरून. तक्त्याची प्रत न्यायला छत्रीचे चिटणीस स्वतः आले होते.

"भावाला सोडवायला पंचायत भरवलीत वाटतं?" चिटणीस हसले.

"तुम्हाला एकच विचारते. या शिंपीदादांना किती मतं पडली?"

"याला?" चिटणीसांनी शिंप्याकडे पाहिलं. "नऊशे चौदा. अहो, आरसा मीच धरला होता. शंभर माणसं हसत होती."

"नक्की?"

"विचारा कोणालाही. हजार पडती तर मिशी राहिली नसती का?"

साहेबांचं पेन थांबलं.

"फळ्यावर एक हजार एकशे चौदा आहेत," बाई म्हणाल्या.

चिटणीसांचं हसू तोंडावरच राहिलं, पण आतून विझलं.

बाईंनी खडू घेतला आणि खोलीतल्या फळ्यावर चार घरं आखली. वरची दोन पाच नंबरची, खालची दोन सतराची. डावीकडे शिडी, उजवीकडे छत्री.

"फौजदारसाहेब, सोपं आहे. सतरामध्ये शिडीची दोनशे मतं काढून छत्रीला दिली. शिडी हरली. आडवी बेरीज तीच राहिली, पण उभी बिघडली. शिडीची एकूण मतं दोनशेने कमी, छत्रीची दोनशेने जास्त. ती मी पकडली असती. मग काय करायचं? दुसरीकडे उलटं करायचं. पाच नंबरात छत्रीची दोनशे काढून शिडीला द्यायची. तिथे छत्री वीस हजारांनी पुढे, दोनशेने काय बिघडतं? आता आडवं जुळलं, उभं जुळलं. सगळ्या बेरजा खऱ्या आणि चार आकडे खोटे. मी बेरजा तपासल्या. आकडे तपासले नाहीत. ही चूक माझी."

"आणि हे केलं कोणी?" फौजदाराने विचारलं.

"पाच नंबर बदलायची गरज सतराचा निकाल कळल्यावरच पडणार. म्हणजे साडेचारनंतर. पहिलं पान दीडला फिक्या फितीने टाइप झालं होतं. हे पहिलं पान गडद आहे, म्हणजे तीननंतर पुन्हा केलेलं. साडेचारला टायपिस्ट दाढ काढायला गेला आणि सहाला तक्ता माझ्याकडे आला. मधल्या दीड तासात तक्ता आणि चिठ्ठ्या एकाच टेबलावर होत्या. त्या टेबलाच्या मालकाला टाइप करता येतं."

"कल्पना आहेत सगळ्या," साहेब म्हणाले. "या शिंप्याच्या मिशीवर सरकार ठरवणार का?"

"नाही. तुमच्या कागदावर."

बाईंनी मूठ उघडली आणि तुकडा टेबलावर ठेवला. वरच्या बाजूला त्यांनीच पेन्सिलीने केलेल्या बेरजा होत्या. त्यांनी तो उलटला. फिक्या, झिजलेल्या अक्षरांत एक ओळ स्पष्ट होती: ५, शिडी, ९१४.

"दुसरं पान तुम्ही जाळलंत, कारण त्यावर सतरा होता. पहिल्या पानाचे मात्र चार तुकडे केलेत. हाताची सवय. आणि खरा आकडा माझ्याच हातात देऊन त्याच्या पाठीवर मला खोट्याचा ताळा करायला लावलात."

टायपिस्टने तुकडा उचलला. "ही माझी जुनी फीत," तो म्हणाला.

साहेबांनी चिटणीसांकडे पाहिलं. चिटणीस खिडकीबाहेर बघत होते.

"नोकरी दोन वर्षं वाढवून देतो म्हणालात ना?" साहेब त्यांना म्हणाले.

"मी तुम्हाला ओळखतही नाही," चिटणीस म्हणाले आणि प्रत न घेताच निघाले. फौजदाराने दारात हात आडवा केला.

"बसा. ओळख करून देतो."

साहेबांची नजर टायपिस्टच्या हातातल्या तुकड्यावर होती. "पाच नंबराकडे कोण बघतं हो, बाई?" ते शेवटी पुटपुटले.

"ज्याची मिशी गेली तो."

छापखान्याला फोन गेला. तक्ता थांबला. पेट्यांसाठी कोर्टाकडे अर्ज करायचं फौजदाराने ठरवलं. आता हातात कागद होता, वर्ष लागणार नव्हतं.

बाईंनी तक्त्याखालच्या आपल्या लाल खुणेवर काट मारली आणि खाली सही केली. भाऊ शेजारी येऊन उभा राहिला. जवळ नाही, हातभर लांब.

"पुढच्या वेळी आधी मला विचारशील?"

"आधी चिठ्ठी मागेन," बाई म्हणाल्या. "मग तुला विचारेन."

तो हसला नाही, पण गेलाही नाही. टेबलावरचं फडकं उचलून तो आपल्या टेबलावरचा खडू पुसायला लागला.

शिंपी अजून तिथेच होता. बाहेरच्या फळ्यावर बाई आकडा बदलत होत्या, तो त्याने शेवटपर्यंत पाहिला. ९१४. मग त्याने गोऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"म्हणजे बरोबरच गेली म्हणायची," तो म्हणाला आणि समाधानाने घरी गेला.