परागंदा पेशी

कोल्हापूरच्या रक्तशोध प्रयोगशाळेत एक शिरस्ता होता. कुठलंही यंत्र दाराबाहेर पडण्याआधी, बनवणाऱ्यानं स्वतःचं रक्त त्यात घालायचं. शिरस्ता डॉ. कुमुद इंगवले यांनीच घातलेला, त्यामुळे त्या सकाळी नळी त्यांच्याच उजव्या दंडातून भरली गेली. डावा हात प्लास्टरमध्ये होता. स्कूटर स्टँडवर लावता लावता त्या स्वतःच आडव्या झाल्या होत्या, आणि ही गोष्ट एका माणसाला सोडून सगळ्या पेठेला ठाऊक होती.

तो माणूस म्हणजे नॉर्वेत हिमनद्यांची मापं घेणारा त्यांचा एकुलता एक मुलगा, संग्राम. कळलं तर कामधाम टाकून विमानात बसेल, म्हणून कुमुदताई व्हिडिओवर बोलताना डावा हात मेजाखाली ठेवत. तसा हा मुलगा महिनामहिना फोन न करणारा. केलाच तर भाजी परतत, घरभर येरझाऱ्या घालत बोलणार. हल्ली मात्र तो आपणहून फोन करायचा आणि खुर्चीत बसून तासभर बोलायचा. पोरगं शहाणं झालं, असं ताई ज्याला त्याला सांगत होत्या.

यंत्राच्या पडद्यावर काळोख दिसायला हवा होता. तिथे हिरवे ठिपके उगवले. एक, दोन, मग मोजण्यात अर्थ उरला नाही इतके.

"यंत्र बिघडलं असेल," नौशाद मुल्ला म्हणाला. तो ताईंचा जुना विद्यार्थी, आता त्यांच्या बरोबरीचा पेशीतज्ज्ञ.

"बिघडलं असेल तर कुठे, ते शोधू. पहिल्यापासून सांग. परीक्षेला बसलायस असं समज."

नौशाद सांगू लागला. "प्रत्येक अवयवाची पेशी शेजारणीला घट्ट चिकटून राहते. घर सोडून निघाली की ती मिठी सुटते आणि मिठीत झाकलेलं एक प्रथिन उघडं पडतं. आपले शोधकण, म्हणजे आपण बनवलेले नॅनोकण, नेमके तिथे चिकटतात आणि हिरवे चमकतात. रक्तातल्या पेशी जन्मापासूनच फिरस्त्या, त्यांच्याकडे ते प्रथिनच नाही. म्हणजे चमकते ती फक्त घर सोडून रक्तात आलेली पेशी. परागंदा पेशी."

"आणि घर सोडून रक्तात कोण येतं?"

याचं उत्तर दोघांनाही पाठ होतं. कर्करोगाची गाठ डोळ्याला दिसण्याच्या कितीतरी आधी तिच्या पेशी रक्तात निसटतात. त्या पकडण्यासाठीच तर दोघांनी उमेदीची वर्षं घातली होती. उद्यापासून ही यंत्रं गाड्यांत बसून जिल्हाभर फिरणार होती.

कुमुदताई घाबरल्या, चांगल्याच घाबरल्या. मरणाला नाही एवढ्या, संग्रामच्या चेहऱ्याला घाबरल्या. त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांनी पुन्हा रक्त दिलं. पुन्हा तेच हिरवं पीक.

"रडत बसून काय होणार," त्या म्हणाल्या. "चमकणाऱ्या पेशी वेगळ्या काढ. कुठल्या अवयवातून आल्यात ते तरी कळू दे."

दुपारी नौशाद परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "मॅडम, माझी चूक झाली दिसते. या पेशींत वाय गुणसूत्र आहे. पेशी पुरुषाच्या आहेत. माझंच रक्त मिसळलं असणार."

"दोनदा?"

"तेच म्हणतो मी. म्हणून पेशींच्या जनुकीय खुणा ताडून पाहिल्या. माझ्याशी काहीच जुळत नाही. तुमच्याशी मात्र अर्ध्या खुणा जुळतात. बरोबर अर्ध्या."

कुमुदताई मटकन स्टुलावर बसल्या आणि मग हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अरे, तो संग्राम आहे."

पुस्तकात दोघांनीही वाचलेलं होतं. पोटात असताना बाळाच्या काही पेशी वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, आईच्या रक्तात उतरतात, तिच्या हाडांच्या मज्जेत बिऱ्हाड करतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. घर सोडून निघालेल्याच पेशी त्या. शोधकणांनी अगदी चोख काम केलं होतं.

"पण त्या मज्जेत झोपलेल्या असतात," नौशाद म्हणाला. "इतक्या संख्येनं रक्तात कशाला येतील?"

ताईंनी प्लास्टरचा हात उचलून दाखवला. हाड मोडलं की शरीर हाक मारतं आणि दुरुस्तीचं अंग असलेल्या पेशी धावत येतात. "फोन करायला फुरसत नाही आणि इथे आत गवंडीकाम चाललंय बघ पठ्ठ्याचं."

"हसताय काय, मॅडम? गाड्या उद्या निघाल्या असत्या तर हाड मोडलेली प्रत्येक आई कर्करोगाची रोगी ठरली असती."

हे मात्र खरं होतं. गाड्या थांबवल्या. शोधकणांना आता दुसरा प्रश्न शिकवावा लागणार होता: घर सोडलंस हे कळलं, पण तू कुणाची? आणि पक्का पुरावा म्हणून संग्रामचं रक्त हवं होतं. त्याच्या गावच्या इस्पितळात यांचंच एक यंत्र चाचणीसाठी गेलेलं होतं. संशोधनाला थोडं रक्त दे, एवढंच ताईंनी त्याला सांगितलं आणि त्यानंही फारसं विचारलं नाही.

निकाल ताईंना आणि संग्रामला एकदमच गेला. खुणा जुळल्या, ताईंच्या रक्तातल्या पेशी संग्रामच्याच होत्या. नौशाद पेढे आणायला निघाला होता, तेवढ्यात ताईंनी त्याला हाताला धरून थांबवलं. संग्रामच्या स्वतःच्या रक्ताचा पडदाही हिरवागार होता.

"आणि यांत वाय नाही," नौशाद वाकून म्हणाला. "या पेशी बाईच्या आहेत. मॅडम, खुणाही जुळतात, या तर तुमच्या. वारेतून वाहतूक दोन्हीकडून होते, हे आपण विसरलोच."

"एवढ्या संख्येनं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताईंच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली. तासभर एका जागी बसून बोलणारा, शहाणा झालेला मुलगा. त्यांनी लगेच फोन लावला. संग्राम खुर्चीतच होता, निकाल वाचत.

"संग्राम, ऊठ बघू तिथून."

"कशाला?"

"ऊठ म्हणते ना."

तो उठला नाही. कान खाजवत राहिला. "घोटा मोडलाय, आई. बर्फावर घसरलो. तू उगाच विमानात बसून आली असतीस, म्हणून नाही सांगितलं. पण तुला सांगितलं कुणी?"

"माझ्याच पेशींनी. तुझं हाड सांधायला बसल्यात तिथे."

संग्रामनं पुन्हा निकालाकडे पाहिलं. मग हळूहळू मान वर केली. आईचाच मुलगा तो. हिशेब जुळवायला वेळ लागला नाही.

"मग माझ्या पेशी तुझ्या रक्तात काय करतायत? आई, तो डावा हात वर घे बघू."

दारात नौशाद तोंडावर रुमाल धरून हसत होता. कुमुदताईंनी मेजाखालचा प्लास्टरचा हात काढून कॅमेऱ्यापुढे धरला, आणि तिकडे टेबलावर एक प्लास्टरचा पाय येऊन टेकला.