दोनशे दहा, घेतलं

मला रचून सांगायची असती तर मी ही गोष्ट अमावस्येच्या रात्रीची केली असती. ही घडली भर दुपारी, साडेतीनच्या सुमारास, भर समुद्रात. आणि घडली आमच्या दाजींच्या बाबतीत. साधी थाप मारायची म्हटली तरी या माणसाचे कान लाल होतात. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बावीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर खलाशी. जाळी ओढून ओढून उजवा खांदा कामातून गेलेला.

मालकाने सरळ सांगितलं, "तांडेलाचं सर्टिफिकेट आण, अख्खी बोट तुझ्या हातात देतो. नाहीतर दुसरीकडे बघ."

तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीचा कप्तान. मग काय, पंचेचाळिसाव्या वर्षी दाजी वही-पेन घेऊन वर्गात बसले. दोनदा आपटले. तिसरी संधी शेवटची होती. ती गेली की घरी बसायचं.

लेखी परीक्षा कशीबशी निघाली. राहिली समुद्रावरची. तीन दिवस, ट्रेनिंगच्या बोटीवर. माणसं मोजून चार. शिकवणारे मास्तर, इंजिनवाला, दाजी आणि आणखी एक शिकाऊ. त्याला सगळे 'वकील' म्हणायचे, कारण तो उठताबसता वाद घालायचा.

मास्तरांचा एक नियम होता. सुकाणू सोडताना दिशेचा आकडा मोठ्याने सांगायचा. घेणाऱ्याने तोच आकडा म्हणायचा आणि वर 'घेतलं' म्हणायचं. त्याआधी हात काढला की नापास. वरच्या केबिनमध्ये माइक होता. मास्तर खाली बसून सगळं ऐकायचे.

तिसरा दिवस उजाडला तो धुक्यातच.

दाजींची तीन दिवसांत धड सहा तास झोप झाली नव्हती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. साडेतीनला वकील येऊन सुकाणू घेणार होता. दाजी घड्याळाकडे बघत उभे होते.

मागे दार वाजलं...

पावलं आत आली. दाजींच्या पाठीशी येऊन थांबली.

दाजींनी वळून बघितलं नाही. कोण बघतंय? तीन दिवस हेच चाललं होतं.

"दोनशे दहा," दाजी म्हणाले.

"दोनशे दहा. घेतलं."

मग जरा हळू...

"जा, झोपा आता."

दाजींनी हात काढला. खाली आले, बाकावर आडवे झाले आणि मेल्यासारखे झोपले.

जाग आली ती मास्तरांच्या आवाजाने.

"अरे, तू इथे काय करतोयस?"

हे दाजींना नव्हतं. वकील इंजिनच्या खोलीतून हात पुसत वर येत होता. मागे इंजिनवाला.

"पंप अडकला होता, मास्तर. तासभर आम्ही दोघं त्यातच. दादा अजून वरच असतील ना?"

मग त्याला बाकावर दादा दिसले. म्हणजे आमचे दाजी.



चौघंही खाली होते... आणि बोट चालली होती.

मास्तर जिन्यावरून धावले. मागे बाकीचे.

केबिन रिकामी.

होकायंत्र दोनशे दहावर. सुकाणू जरासुद्धा हलत नव्हतं. आणि ते वर-खाली करता येणारं स्टूल... दाजी बुटके, त्यांनी ते खाली केलेलं होतं. आता ते पार वर चढवलेलं होतं. एवढा उंच त्या बोटीवर कोणीच नव्हता.

स्क्रीनवर बोटीची वाट उमटलेली असते. सरळ रेघ... मध्येच एक वळण. कशाला तरी लांबून वळसा घालून बोट पुन्हा सरळ मार्गाला लागली होती. नकाशात तिथे खडक नाही, बुडालेली बोट नाही. मास्तरांनी दोनदा बघितलं.

दाजी पुढे झाले. "मी सुकाणू रिकामं सोडलं, मास्तर. करा नापास."

"रिकामं नाही सोडलंस," मास्तर म्हणाले. "उत्तर मीही ऐकलं. मला वाटलं वकीलच."

परीक्षेच्या कागदावर सुकाणू घेणाऱ्याची सही लागते. मास्तरांनी कागद वकिलापुढे सरकवला. एरवी तासभर भांडला असता. त्या दिवशी त्याने नुसती मान हलवली आणि कागद परत ढकलला.

मास्तर बराच वेळ पेन धरून बसले. मग तो रकाना तसाच सोडला आणि खाली लिहिलं, पास.

दाजी तांडेल झाले त्याला आता वर्ष होईल. खांदा बरा आहे. ताई खूश आहे. बोटीवर मात्र दाजींना झोप नाही. पाच खलाशी पोरं त्यांच्या भरवशावर खाली झोपतात आणि हे टक्क जागे.

परवा मी विचारलं, "दाजी, अजून त्याची भीती वाटते?"

"त्याची कशाला वाटेल? बावीस वर्षांत बोटीवर मला कोणी 'झोपा आता' म्हणालं नव्हतं रे."

मग खालच्या आवाजात म्हणाले,

"मी फार थकलोय. तो परत आला ना... तर मी सुकाणू देऊन टाकीन. कोण आहे, कुठे नेतोय, काही विचारणार नाही. खाली पाच पोरं आहेत हे ठाऊक असून देऊन टाकीन. भीती वाटते ती माझी मलाच."

कालच ते पुन्हा समुद्रावर गेले. ताईला मी यातलं काही सांगितलेलं नाही.