रिकामं चॅनेल

देवळाली प्रवरेला वायरलेसची चाचणी घ्यायला गेलेल्या देवश्रीचं भुताखेतांशी काही देणंघेणं नव्हतं, बरं का! तिचं यंत्र मोठं मर्यादशील. दुसऱ्याच्या मालकीचं चॅनेल रिकामं असेल तेवढाच वेळ त्यावर बोलायचं, आणि मालक बोलू लागला की मुकाट्याने बाजूला व्हायचं. पाटाच्या पाण्यासारखंच की! पाळी ज्याची, पाणी त्याचं.

हे चॅनेल एका साखर कारखान्याचं. कारखाना बंद पडून जमाना झाला होता, म्हणजे मालक यायचा प्रश्नच नव्हता. तरी दिवस कलल्यापासून यंत्र सारखं गप्प होई आणि पडद्यावर ओळ उमटे : मालक बोलत आहे.

"कसला डोंबलाचा मालक!" देवश्री करवादली.

ती कारखान्याच्या जुन्या वायरलेसच्या खोलीत बसली होती. तिचा सहकारी अंगद दुसरा संच घेऊन उसात खोलवर गेला होता. तिथे मोबाईलला रेंज नव्हती. एकाएकी खिडकीतून जळक्या पाचटाचा वास आला. तिने बाहेर पाहिलं. विजेच्या तारांखालचा ऊस पेटला होता, आणि वारा नेमका अंगदच्या बाजूला.

तिने बोलायचं बटण दाबलं. यंत्र गप्प. मालक बोलत आहे.

मग मात्र तिने यंत्राची मालकाचा कानोसा घेण्याची सोयच बंद करून टाकली. दुसऱ्याच्या पाळीत पाटाचं दारं फोडून पाणी आपल्या शेतात वळवावं, तसं.

"अंगद, पाटाकडे पळ! पाटाकडे!"

अंगद आला. भुवया होरपळलेल्या, पण जिवानिशी सुटलेला. त्याला पाहून देवश्रीला रडूच कोसळलं. धूर बघून वस्तीवरची म्हातारी रंगुबाईही पाण्याची कळशी घेऊन धावत आली होती.

"मॅडम, तुमच्या आधी कोणीतरी बोलत होतं," अंगद धापा टाकत म्हणाला. "'कानिफ, आग लागलीय, पळ...' कुठे पळ, ते कळलंच नाही. तुम्ही मधेच आलात."

रंगुबाईने कळशी खाली ठेवली.

"कानिफनाथ म्हंजी माजं धनी," ती हळूच म्हणाली. "लई वर्सं झाली... ह्याच उसात जळालं. हितनंच त्यास्नी हाक गेल्ती. पन एक बाई मधीच बोलली... हितला आपरेटर मरंस्तोवर त्येच सांगायचा."

"काय... काय बोलली ती?" देवश्रीने विचारलं.

रंगुबाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"आमी समदा कारखाना धुंडाळला, बाई. अंगद नावाचं हितं कुनीच नव्हतं."