रिकाम्या खोलीचा थंडावा

केळ्यांवर संशय घेणारी मी वसईतली पहिलीच इंजिनिअर असेन. पण मार्चमध्ये पापडीला आल्बिना टीचरांच्या घरी जाऊन मी सर्वांत आधी काय केलं असेल, तर मागच्या खोलीत पिकत घातलेले राजेळी केळ्यांचे घड बाहेर पडवीत काढायला लावले. पिकणारी केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि आमच्या भिंतीवरच्या पेटीला तो माणसाचा श्वास वाटत असणार, असा माझा कयास होता. टीचर कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. केळी बिचारी कुणाच्या अध्यातमध्यात नसतात, एवढंच म्हणाल्या आणि एक घड स्वतःच उचलून घेऊन गेल्या.

नीट सांगते. मी हेमाली राऊत, राहायला गोखिवऱ्याला, आणि काम घरं थंड ठेवण्याचं. एसी लावण्याचं नव्हे. तसं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. डेन्मार्कमधलं एक विद्यापीठ आणि आमची मुंबईतली संस्था मिळून एक संशोधन चाललंय, की समुद्रकाठच्या चिकचिकत्या उन्हाळ्यात कमी विजेवर घर गार कसं ठेवायचं. त्यासाठी इकडची काही घरं निवडली होती. छताला आतून बारीक नळ्या, नळ्यांतून गार पाणी, आणि ते पाणी गार करायला परसात एक हीट पंप. फ्रीजचा भाऊच म्हणा ना. हा घरातली उष्णता उचलतो आणि बावखलात, म्हणजे वाडीत पाणी साठवायला खणलेल्या तळ्यात, नेऊन सोडतो. ना वारा, ना घरघर. खोलीत शिरलं की चिंचेखाली येऊन बसल्यासारखं वाटतं.

यातली खरी मेख ती पेटी. खोलीत माणूस असला की त्याच्या श्वासाने हवा बदलते. पेटी ते मोजते, आत कुणी आहे की नाही ते ठरवते, आणि कुणी नसेल तर त्या खोलीचं पाणी बंद करते. रिकाम्या खोलीला थंडावा नाही. तिकडची आमची प्रमुख, मारेन, हे वाक्य दर मीटिंगला म्हणते, जपमाळ ओढल्यासारखं. बाकी घरांनी ते गुमान पाळलं. पापडीच्या घराने मात्र आमचं नाक कापलं.

त्या घरात टीचर एकट्या राहतात. नवरा, इग्नेशियसकाका, त्याच्या आदल्या मे महिन्यात गेले. मुलगा एरॉल दुबईला. टीचर झोपतात पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत कुणी जात नाही. तरी यंत्र बसवताना त्यांनी हट्टच धरला होता की आधी मागची खोली करा. आणि रोज दुपारी चर्चची बाराची घंटा होऊन जेवणं उरकली, की त्या खोलीत कुणीतरी श्वास घ्यायला लागायचं. पेटी सांगायची, एक माणूस. पाणी सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत चालायचं.

केळी गेली, आकडे तसेच राहिले. पेटी बदलली. नवी पेटीही तेच सांगू लागली. मग मला टीचरांचाच संशय आला. एवढी शिकलेली बाई, आयुष्यभर मराठी शाळेत गणित घेतलेली, पण गुपचूप भाडेकरू ठेवला नसेल कशावरून? म्हणून एका दुपारी न कळवता जाऊन थडकले.

टीचर वाडीत वालाच्या शेंगा तोडत होत्या. दार सताड उघडं होतं. मागच्या खोलीत लोखंडी पलंग, त्यावर कडक घडीची पांढरी चादर, एक लाकडी खुर्ची, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. खिडकी बंद. पलंगाखाली वाकून बघितलं, लाज सोडून कपाटही उघडलं. खोली गार होती आणि चिटपाखरू नव्हतं. मी बाहेर आले, दार ओढलं, फटींना चिकटपट्टी लावली आणि पडवीत मोबाइलवर आलेख बघत बसले. माझ्याच श्वासाने चढलेली रेघ आता थांबायला हवी होती. ती थांबली नाही. हळूहळू, न धापा टाकता, वर चढत राहिली.

टीचर शेंगांची टोपली घेऊन आल्या, चिकटपट्टीकडे पाहिलं आणि मला विचारलं, चहा घेणार का.

मारेन हिशेबाची पक्की. तिने सगळे आकडे मागवून घेतले आणि दोन दिवसांनी फोनवर हसत म्हणाली, हा जागा माणूस नाही, झोपलेला आहे. जागा माणूस याहून जास्त श्वास सोडतो. अंगाने किरकोळ असावा. मग म्हणाली, सुरुवातीच्या आठवड्यांची रेघ बघ, किती तुटक आहे, मध्येच थांबते, मग उसळते. तिच्या वडिलांना छातीचा आजार होता, शेवटी शेवटी त्यांचा श्वास असाच चालायचा. "पण आता बघ, किती सरळ झालीय. तुमचा माणूस बरा होतोय, हेमाली." एवढं बोलून ती हसायची थांबली. मी तिला इग्नेशियसकाकांबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.

मला राग आला. कुणाचा, ते ठाऊक नाही. मी शास्त्र शिकलेली बाई, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारी. तशीच स्कूटर काढली आणि पापडी गाठली. टीचर पडवीत शेंगा सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, मागच्या खोलीत कोण असतं?

त्यांनी आडपडदा ठेवला नाही. काकांना छातीचा विकार होता. त्या मे महिन्यात स्लॅब असा तापायचा की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. एसी आणला, तर त्याच्या वाऱ्याने खोकल्याची उबळ यायची. आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून दुपारभर खुर्चीवर बसून राहायचे. खाणं नको, औषध नको, फक्त झोप मागायचे.

"लोक समजूत घालायला आले, म्हणाले झोपेतच गेला, सुखाने गेला," टीचर म्हणाल्या. "तो झोपेत नाही गेला, बाय. झोपेची वाट बघत गेला."

सोललेले दाणे त्यांनी उगाच चाळवले. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, तुमचं यंत्र लागलं आणि काही दिवसांनी मला मागून घोरणं ऐकू आलं. पहिल्यांदा घाबरले. मग देवाचे आभार मानले. आता मस्त घोरतो. मला ऐकू आलं नव्हतं आणि मी तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, तुला कशाला ऐकू येईल, तू थोडीच त्याच्याशी संसार केलास?

मी खाली बसून शेंगा सोलू लागले.

एप्रिल सरता सरता तिकडच्या समितीचा निर्णय आला. ज्या घराचा बिघाड सापडत नाही ते घर अभ्यासातून वगळायचं, आणि यंत्र काढून कळंबला वाट बघत असलेल्या घरी लावायचं. मारेनने भांडून पाहिलं, असं ती म्हणाली. नियम मलाही पटण्यासारखाच होता. आमच्या संस्थेचा मदतनीस विकी टेम्पो घेऊन संध्याकाळी येणार होता. त्याआधी पंप बंद करून नळ्या रिकाम्या करायच्या, म्हणून मी दुपारीच गेले.

टीचर भांडतील असं वाटलं होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आजच?" त्यांनी विचारलं.

"आजच, टीचर."

"जेवून घे मग."

कोळंबीचं कालवण आणि भात वाढला. मी मान खाली घालून जेवले. मग परसात जाऊन पंप बंद केला. एवढा आवाज न करणारा पंप, पण बंद झाल्यावर परस कसं ओकंबोकं वाटलं.

उन्हाने स्लॅब तापवायला वेळ लावला नाही. मी पुढच्या खोलीत हत्यारं काढत होते, घामाने डोळे चुरचुरत होते, तेव्हा मागून सळसळ ऐकू आली. दारात जाऊन पाहिलं. टीचर खुर्चीवर बसल्या होत्या. हातात ताडाच्या पातीचा पंखा. संथपणे, एका लयीत, त्या रिकाम्या पलंगावर वारा घालत होत्या.

मला ते बघवेना. म्हटलं, "टीचर, पलंगावर कुणी नाही."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत माझे," त्या म्हणाल्या, आणि हात थांबवला नाही.

खिशात मोबाइल थरथरला. पेटी बॅटरीवर चालू होती. मी अजून उंबऱ्याबाहेर होते. खोलीत फक्त टीचर. आलेख सांगत होता, दोन माणसं. एकाचा श्वास सरळ. दुसऱ्याचा तुटक, थांबणारा, उसळणारा. मग तो थांबला तो थांबलाच. त्याची रेघ सपाट झाली. मोबाइल माझ्या हातात, टीचरांची माझ्याकडे पाठ. पण त्याच क्षणी त्या पलंगावर ओणवल्या आणि त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटल्या. लहान मुलाला थोपटताना बोलतात तसं. पंखा जोरात हलू लागला.

रेघ पुन्हा उसळली.

टीचरांचा पंखा मंदावत चालला होता. मी पुढे झाले. "सरका. मी घालते वारा."

त्या उठल्या. मी बसले. कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं, आणि मीच आधी काढलं असतं. चादर कडक, पांढरी, एक सुरकुती नाही. उशीच्या मध्यभागी मात्र काहीतरी डाग दिसला.

ओल होती. छतावरून थेंब पडला असेल म्हणून वर पाहिलं. छत कोरडं ठणठणीत होतं.

बघता बघता ओल पसरली. मी बोट लावलं.

कोमट होती.

पंखा टीचरांच्या हातात देऊन मी धावत परसात गेले आणि पंप सुरू केला. विकीला सांगितलं, टेम्पो नको. त्याने कारण विचारलं, तर त्याच्यावर उगाच खेकसले. मग मारेनला लिहिलं: पापडीच्या घरात बिघाड नाही. तिथे दोन माणसं राहतात.

उत्तर यायला वेळ लागला. ती लिहीत होती, खोडत होती, ते दिसत होतं. मग आलं: घर अभ्यासात राहील, समितीला मी बघते. आणि खाली आणखी एक ओळ. आता कसे आहेत ते?

मला रडू आलं. परसात, तळपत्या उन्हात, मी हमसून हमसून रडले.

पाणी गार होऊन छत निवायला वेळ लागतो. तोवर कुणीतरी वारा घालायलाच हवा होता. टीचरांना जबरदस्तीने उठवलं, म्हटलं तोंड धुऊन या, कोंबड्यांना दाणे टाका, मी आहे. उजवा हात भरून आला तेव्हा डावा घेतला. डावा दुखला तेव्हा पुन्हा उजवा. खोलीत पंख्याची सळसळ तेवढी होती. कधीतरी माझी मान कलली असावी.

जाग आली ती तोंडावर येणाऱ्या वाऱ्याने. संथ, एका लयीतला वारा. ताडाच्या पातीचा वास. टीचर परत आल्या म्हणायच्या. मला ओशाळल्यासारखं झालं. डोळे न उघडताच म्हटलं, "राहू द्या आता, दमला असाल."

वारा येत राहिला.

मग परसातून टीचरांचा आवाज आला. त्या कोंबड्यांना हाका मारत होत्या.

मी हलले नाही. डोळे उघडले नाहीत. वारा क्षणभर थांबला. हात बदलला असावा. मग दुसऱ्या बाजूने पुन्हा येऊ लागला.